तुझ्या कॅसेटींमधल्या तुटलेल्या ओळी

प्रिय दादा,

आईनं आज मला तुझा आवाज पुसून टाकायला सांगितलं. मी हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. कुणाला विचारणार? म्हणून तुलाच लिहायला बसलेय.

पुढच्या महिन्यात तुझं वर्षश्राद्ध. त्या दिवशी घरात तुझी गाणी वाजावीत, असं आईच्याच मनात आलं. पण तुझ्या पेटीतल्या कॅसेटींना बुरशी धरलेली. बारामतीत मी ज्या क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवते, तिथला एक जुना कॉम्प्युटर काटेवाडीला घरी आणलाय. तुझ्या टेपच्या हेडफोनच्या भोकात वायर घालायची, तिचं दुसरं टोक कॉम्प्युटरच्या पाठीमागे. कॅसेट वाजेल तसं गाणं आत साठत जातं. इथं घाई चालत नाही, दीड तासाची कॅसेट दीड तासच घेते. मधेच लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. तू असतास तर "नंदे, ती वायर हलली बघ" करत माझं डोकं खाल्लं असतंस.

गाणी कशी भरायचास तू! ट्रान्झिस्टर खिडकीत, त्याच्यासमोर टेप, आणि घरातली सगळी मुकी. एकदा फोडणी तडतडली म्हणून वहिनीवर केवढा डाफरला होतास. त्यानंतर रेडिओवर तुझा कार्यक्रम लागला की ती स्टोव्हच बंद करायची. भाजी अर्धी शिजलेली, आणि तू टेपला कान लावून बसलेला.

जुन्या कॅसेटी बिनबोभाट उतरल्या. नंतरच्या कॅसेटींत मात्र गाण्याच्या मधेच ‘टक्’ असा आवाज यायला लागला, आणि आवाज आला की पुढची ओळ गायब. मला वाटलं, फीत तुटली असेल. बारामतीच्या दुकानातून तीच गाणी आणावीत आणि गळालेल्या ओळी तिथं जोडाव्यात असं ठरवलं. कॉम्प्युटरवर ते जमतं, कुणाला सांधा ऐकूही येत नाही.

पण प्रत्येक कॅसेटवर तुझ्या अक्षरात महिना आणि साल आहे. ओळीनं लावून ऐकल्यावर कळलं. आधी एका बाजूला एखादा टक्, मग गाण्यागणिक, आणि शेवटच्या आधीच्या कॅसेटीत तर अख्खं कडवं कुठं सापडत नाही. ते पॉझचं बटण होतं ना? खोकला आला की दाबायचास.

आम्ही समजत होतो, दिवाळीनंतर सुरू झालं. तुझ्या कॅसेटी तर त्याच्या दोन वर्षं आधीपासून खोकतायत. कसं लपवलंस रे एवढं?

टीबी वेळेवर कळला असता तर बरा झाला असता, असं डॉक्टर म्हणाले आणि आईनं तेच धरून ठेवलं. दहाव्याला सगळ्यांदेखत वहिनीला म्हणाली, "तुझ्या उशाला माझं पोरगं खोकत हुतं, आन् तुला ऐकू आलं न्हाय व्हय?" वहिनी खाली बघत उभी राहिली. शेळगावला माहेरी गेली, ती अजून तिथंच आहे.

आज दुपारी शेवटची कॅसेट लावली. आई शेजारी वाती वळत बसली होती. गाणं ऐन रंगात असताना तुला उबळ आली आणि या वेळी हात बटणापर्यंत पोचलाच नाही. तू खोकतोयस, खोकतोयस, आणि रेडिओ आपला गातोय. मग वहिनीचा आवाज आला.

"अवो, दवाखान्यात चला की. किती डाव सांगू तुमाला?"

"डेअरीवाल्यांना कळलं तर दुधाच्या गाडीवर ठिवतील का मला? आईला बोललीस तर माझ्या गळ्याची शपथ हाय."

"असली शपथ नगा घालू. आधी सुटली म्हणा. म्हणा की, सुटली."

टक्.

वाती आईच्या हातात तशाच राहिल्या. "परत लाव," म्हणाली. मी लावलं. मग तिनं विचारलं, "ह्ये पुसता येतं का?"

"येतं."

"मग पुस. गाणी तेवढी ऱ्हाऊ दे. पावण्यांम्होरं ह्ये नगं." आणि उठून गोठ्यात गेली.

तिचा मला राग आला, नाही असं नाही. पण वर्षभर ती वहिनीला दोष देऊन तर उभी आहे. आता कुणाला देईल? तुला? ते तिला जन्मात जमायचं नाही.

राग तुझा आहे, दादा. लहानपणी मला ऊठसूट शपथा घालायचास, आणि मी रडकुंडीला आले की हसत "सुटली" म्हणायचास. ज्यानं घातली त्यानंच ती सोडवायची असते, हे मला तूच शिकवलंस. मग दवाखान्यात वहिनी रात्रंदिवस उशाशी बसलेली असताना तो एक शब्द का नाही सुचला? तू गेल्यावर तिनं शपथ मोडली असती तर आता कुणाचं वाईट होणार होतं? तरी नाही मोडली. तुझ्या एका शब्दापायी ती नवऱ्याला मारणारी बाई ठरली आणि गप्प राहिली.

तुटलेल्या ओळी मी जोडणार नाही. आज ऐकलं ते पुसणारही नाही. येत्या रविवारी तुझा टेप आणि ती कॅसेट घेऊन शेळगावला जाणार आहे. आईला चल म्हणेन, नाही आली तर एकटी जाईन. वहिनीसमोर टेप लावीन. तू बटण दाबलंस की पुढचा शब्द तुझ्या वतीनं मी म्हणेन.

सुटली, वहिनी.

तुझी,
नंदा