लोखंडी कढईतला हिरडा

मामाजी, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हिरडा उकळल्याचा वास आला की मी अजून आधी चुलीवरचं भांडं कशाचं आहे ते बघते. सून होऊन गोंदियाला तुमच्या घरी आले तेव्हा लढाई सुरू होती आणि फिल्म धुवायची विलायती पावडर बाजारातून नाहीशी झाली होती. स्टेशनाजवळचे बाकीचे फोटोवाले हातावर हात ठेवून बसले. तुम्ही मात्र देवरीच्या जंगलातून येणारा हिरडा पोत्यानं घेतला. तो कुटायचा, उकळायचा, गाळायचा आणि वर धुण्याचा सोडा घालायचा. किती हिरड्याला किती सोडा, हे तुम्ही महिनोन्महिने फिल्मचे तुकडे बुडवून बघत होतात, आणि स्वयंपाकघर माझं कमी, तुमचं जास्त झालं होतं. सासूबाई नाकाला पदर लावून ओसरीवर बसायच्या. शेवटी एकदाचा फोटो उमटला, तपकिरी झाक असलेला पण स्वच्छ, आणि तुम्ही मला समोर बसवून समजावलंत की पातेलं कल्हईचंच घ्यायचं, लोखंडाला हिरडा लागू द्यायचा नाही, त्याची शाई होते. मी मान डोलावली. तुमच्या रागाला मी फार भीत असे. एकदा तुमची बाटली राखेनं घासली म्हणून गिऱ्हाइकांदेखत तुम्ही मला जे बोललात, त्यातला शब्दन् शब्द मला आजही आठवतो.

मग बेचाळीसचा ऑगस्ट आला. आपल्या गल्लीतली पोरं झेंडा घेऊन निघाली आणि तुम्ही माडीच्या खिडकीतून त्यांचे फोटो काढलेत, ऊन छान पडलं होतं एवढ्याचसाठी. दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदार दारात. कुणीतरी चहाडी केली होती. त्याला चेहरे हवे होते, आणि ते लगेच हवे होते. रोल नागपूरला पाठवून वाट बघेपर्यंत पोरं जंगलात पसार झाली असती. तो गिऱ्हाइकांच्या बाकावर बसून म्हणाला, "मेरे सामने धोइये." तुम्ही अंधारखोलीच्या पडद्याआडून मला हिरडा चढवायला सांगता. तुमचा आवाज मला ओळखू येत नाही, इतका बारीक झालाय. कल्हईच्या पातेल्यात वरण आहे. ते कशात ओतू हे मला सुचत नाही आणि मी हाताला येईल ते भांडं चुलीवर ठेवते. ते भांडं म्हणजे लोखंडी कढई. पाणी उकळायला लागतं आणि बघता बघता काळंभोर होतं. मी ते गाळून, सोडा घालून लोट्यात भरते आणि पडद्यातून तुमच्या हातात देते. आत लाल दिव्यात तुम्हाला त्याचा रंग दिसत नाही.

फिल्मवर काही उमटलं नाही. काळपट डागांशिवाय काही नव्हतं. फौजदारानं ती उजेडात धरली, तुमच्याकडे पाहिलं आणि तो तुम्हाला घेऊन गेला. ते दोन दिवस आम्ही दोघी चूल न पेटवता बसून होतो. तुम्ही परत आलात तेव्हा अंगणात माणसं मावत नव्हती. काकांनी मुद्दाम फिल्म बिघडवली, पोरं वाचवली, असं जो तो तुमच्याबद्दल म्हणत होता. एका पोराची आई तुमच्या पाया पडली. तुम्ही नुसते हात जोडत राहिलात. सगळे गेल्यावर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन बसलात आणि जमिनीकडे बघत म्हणालात, "मी काही बिघडवलं नाही, बाई. मी त भेवानं मन लावून धुवून राहिलो होतो. एक एक पोरगं दिसलं असतं त्याले. मंग उमटलं काऊन नाही?"

तुम्ही मान वर करून विचारलंत, "कल्हईच्याच पातेल्यात उकळलं होतं न?"

मी "हो" म्हणाले.

त्यानंतर तुम्ही जगलात ती चार वर्षं त्याच एका प्रश्नाच्या मागे लागलात. सोडा कमी केलात, वाढवलात, हिरडा वाळवून पाहिलात, ओला पाहिलात. दर वेळी फोटो उमटायचा आणि दर वेळी तुमचा चेहरा उतरायचा. आपला हिशोब एकदाच कसा चुकला आणि नेमका त्याच दिवशी कसा चुकला, हे तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. तुमच्या तेराव्याला लोक तुमच्या धैर्याबद्दल बोलले, आणि मी आत वाढपाची भांडी मांडत ते ऐकत होते.

तुमचा हिरडा बरोबर होता, मामाजी. पाणी काळं झालेलं मी चुलीपाशीच पाहिलं होतं. ते ओतून टाकून दुसरं चढवायला वेळही होता. पोरं वाचावीत म्हणून मी गप्प बसले असं आता म्हणता येईल, आणि नातवंडांना मी तसं एकदा सांगितलंही. पण त्या वेळी एकाही पोराचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे नव्हता. फौजदारासमोर तुम्ही माझ्यावर ओरडाल, एवढंच मनात होतं. आणि आज तुम्ही उंबऱ्याशी बसून तेच विचारलंत, तर मी पुन्हा "हो"च म्हणेन असं मला वाटतं.