बाबांना डोंगरावर नेतोय

ताई,

बाबांना घेऊन डोंगरावरच्या त्या परीकथांच्या गावात चाललोय. सहाच्या आत परत येऊ. तू चिडणार, माहितीये. उद्या डोळ्यांचं ऑपरेशन आणि आज बर्फात कसली सहल, असं म्हणून काल तू विषयच संपवलास. पण तिथल्या घरांवरचे राक्षस, राजकन्या, टोपी घातलेले कोल्हे बाबांनी स्वतःच्या हाताने रंगवलेत. त्यांना ते एकदा उजेडात बघायचेत.

गाडीच्या चाकांना साखळ्या लावल्यात. डोळ्यांत घालायचे थेंब माझ्या खिशात आहेत. त्यांचा जाड कोट सापडेना, म्हणून तुझा चढवलाय. बाह्या आखूड पडतात, पण तक्रार नाही. घाटात फोन लागत नाही, उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

अजून एक. परवा तू डॉक्टरांना फोनवर विचारलंस ना, "म्हणजे ऑपरेशननंतर त्यांना दिसायची आशा नाहीच का?" तेव्हा बाबा दाराशीच उभे होते. आज सकाळी मला म्हणाले, "तिला कळू देऊ नकोस. माझ्यासमोर हसत असते बिचारी, हसू दे."

मला ते जमणार नाही, ताई. आम्ही आलो की हसू नकोस. नुसती त्यांच्याजवळ बस.