डावा कान

५ फेब्रुवारी

झाली का पंचाईत! येत्या रविवारी प्रार्थनाघरात ह्यांच्यासाठी शोकसभा आहे आणि प्रार्थना मी सांगायची आहे. प्रमुख स्वतः घरी येऊन सांगून गेले. "वहिनी, तुमच्याइतकी श्रद्धा दुसऱ्या कोणाची आहे? एक्केचाळीस वर्षं त्यांच्या शेजारी बसलात."

बसले, खरं आहे. बसून छताच्या पट्ट्या मोजल्या – बावीस. त्यातल्या एकीला वाळवी लागली तेही सगळ्यांत आधी मलाच कळलं होतं.

हो म्हणून टाकलं. नाही म्हणायला कारण काय देणार?

६ फेब्रुवारी

इथे तरी खरं लिहावं. माझा देवावर विश्वास नाही. कधीच नव्हता. त्याच्याशी माझं भांडण नाही – नुसती ओळखच झाली नाही. ह्यांचा मात्र त्याच्याशी घरोबा. सकाळी डोळे मिटून बसायचे तेव्हा चेहरा असा निवांत व्हायचा की मला हेवा वाटायचा. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी मी सोबत गेले तर स्वारी इतकी खूश! तो आनंद मोडवेना. मग दुसरा रविवार, तिसरा रविवार… सांगायची वेळ निघून गेली ती गेलीच.

एवढ्या सरळ माणसाला मी जन्मभर फसवलं. तेच डाचतंय.

७ फेब्रुवारी

माणसं येतच आहेत. सगळ्यांचं एकच – "फिटरकाका ऐकून घ्यायचे हो!" कोपऱ्यावरची शिंपीण तर हमसून हमसून रडली. "नवरा सोडून गेला तेव्हा प्रार्थनाघराबाहेरच्या बाकावर दोन तास बोलत होते मी. काका मध्ये एका शब्दाने बोलले नाहीत!"

कुठून बोलणार? पत्र्याच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर म्हणून धडधडत्या प्रेसशेजारी उभं राहून डावा कान गेलेला, उजवाही मंदच. घराबाहेर कोणाला पत्ता लागू दिला नाही, उजवा कान पुढे करून भागवायचे. आणि दुःख घेऊन आलेल्याला बसवायचे नेमकं डावीकडे!

मी एकदा फैलावर घेतलं होतं. अहो, उजवीकडे बसवा की बिचाऱ्यांना. तर म्हणाले, "अगं, त्यांना नुसतं सांगायचं असतं. ऐकणारा वर बसलाय. आणि मला ऐकूच आलं नाही, तर माझ्या तोंडून बाहेर कसं जाईल?" मग हत्यारांची पिशवी घेऊन त्या माणसाच्या घरी जायचे. गळका नळ, निखळलेली बिजागरी, म्हाताऱ्याच्या खुर्चीचं चाक – काहीतरी दुरुस्त करूनच परत यायचे. माणसाचं दुःख काय ते ह्यांना कधी कळलं नसेल, पण त्याच्या घरात काय मोडलंय ते बरोबर कळायचं.

८ फेब्रुवारी

कपाट आवरताना लेकीच्या शाळेतला फोटो सापडला. एक वेणी कानावर, दुसरी मानेवर! मी चार महिने अंथरुणात होते तेव्हा वेण्या हेच घालायचे. पाना धरणारे हात ते. वर्गात पोरी हसल्या, तर लेक म्हणाली, "माझ्या बाबांनी घातल्यात," आणि दुसऱ्या दिवशी तशाच घालून घेऊन ऐटीत गेली. माझी आई खाटेला खिळली तेव्हा ह्यांनी खाटेलाच चाकं बसवली. सकाळी खिडकीशी, दुपारी माझ्यापाशी स्वयंपाकघरात. आई म्हणायची, जावई नाही, हा माझा सारथी आहे.

शेवटी मात्र हट्टीपणा आला. कधी एक रविवार न चुकवलेला माणूस – पण मी निघायला लागले की म्हणायचे, "आज जाऊ नकोस. बस माझ्यापाशी." शेवटचे नऊ रविवार आम्ही पत्ते खेळलो! हे मनातल्या मनात प्रार्थना म्हणायचे, मी पत्ते पिसायचे. मधूनच कुठेतरी बारीक कुई व्हायचं. म्हटलं, फिटर ना तुम्ही, त्या खिडकीच्या बिजागरीत तेल घाला की! नुसते हसायचे.

आजारपणाने हळवे झाले होते, दुसरं काय.

९ फेब्रुवारी

शेजारच्या आजींना ऐकू येत नाही, म्हटलं ह्यांचं कानाचं यंत्र देऊन टाकू. लेकीने ऑक्टोबरात हौसेने आणलं होतं. ह्यांनी दोन दिवस घातलं, "डोकं उठतं" म्हणाले आणि डबीत घालून कपाटात ठेवलं. आज डबी उघडली तर रिकामी! लेकीला हाक मारली – ती वरच्याच मजल्यावर राहते. "बघते," म्हणाली आणि घाईघाईने कामावर गेली. चेहरा चोरासारखा का केला?

१० फेब्रुवारी

उद्या सभा.

डाव्या कानाची चटक मलाही होतीच. राग आला की त्या बाजूला जाऊन बसायचं आणि तोंडसुख घ्यायचं. "जगाचे नळ दुरुस्त आणि माझा गळतोय! हट्टी म्हातारा!" हे समोर बघत बसलेले. मला मोकळं वाटायचं.

नोव्हेंबरात डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. त्या दुपारी हे लोकरीची टोपी कानांवर ओढून पडले होते. मी डावीकडे बसले आणि सगळं सांगून टाकलं. "तुमचा देव मला कधी भेटला नाही हो. मी तुमच्यासाठी येत होते. सगळे डोळे मिटायचे तेव्हा मी छत बघायचे. रागावू नका."

हे वर बघत राहिले. मग म्हणाले, "उशी जरा वर कर."

केली. ऐकूच गेलं नव्हतं. सुटले असं वाटलं, आणि रडूही आलं.

११ फेब्रुवारी, रविवार

उभी राहिले. प्रार्थनेचं पुस्तक उघडलं आणि पहिला शब्द फुटेना. एक्केचाळीस वर्षांचा सराव असून! पुस्तक मिटलं. म्हटलं, "एक सांगते. तुमच्या फिटरकाकांना डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं."

मग मागून रुग्णवाहिकेचा चालक म्हणाला, "म्हणजे माझ्या भावाचं मी सांगितलं ते…?"

"नाही ऐकलं. कोणाचंच नाही. तुमची गुपितं जशीच्या तशी आहेत."

"पण दुसऱ्या दिवशी दाराची कडी बसवून गेले की हो!"

आधी शिंपीण हसली. मग सगळेच हसले, डोळे पुसत. प्रार्थना प्रमुखांनीच सांगितली. मी डोळे मिटले नाहीत. बावीस पट्ट्या जागच्या जागी होत्या.

सगळे म्हणाले, छान बोललात. माझं मात्र राहिलंच. ज्याला कळायला हवं होतं तो न कळताच गेला.

१२ फेब्रुवारी

लेक यंत्र घेऊन खाली आली. तिच्याच पर्समध्ये होतं. ऑक्टोबरपासून रोज सकाळी कामावर जाण्याआधी तीच ह्यांच्या डाव्या कानात घालून द्यायची आणि वरून टोपी ओढायची. टोपी घासली की यंत्र कुई करायचं. संध्याकाळी काढून घ्यायची.

"आई, बाबांनी शपथ घातली होती. म्हणाले, तुझी आई चाळीस वर्षं ह्या कानात काहीतरी बोलतेय. आता तरी मला ऐकू दे."

"रोज घालायचे?"

"रोज. रविवारीसुद्धा. एक दिवस चुकवला नाही."

आज जाऊ नकोस. बस माझ्यापाशी.

नऊ रविवार! आणि मी म्हणत होते, हळवे झालेत.