कबुतर सुटण्याआधीच पोहोचलं

ब्रोकन हिल, रविवार

ती. युनाताई,

क्लॅरीचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? अ‍ॅडलेडच्या थंडीत बागेत वाकत बसू नकोस. मी बरा आहे, म्हणजे झोप नाही, पण जेवण आहे.

आमच्या कबुतर क्लबचा चिटणीस होऊन मी काय पाप केलं कोण जाणे. शर्यतीत कबुतरं दूर नेऊन सोडतात आणि सोडणारा आपल्या घड्याळात बघून सुटण्याची वेळ कळवतो. मग ज्याचं कबुतर घरी परतेल तो फोन करतो, मी कळ दाबतो आणि संगणक वेळ नोंदवतो. आठवड्यापूर्वीच्या शनिवारी डल्सीचं कबुतर पहिलं आलं. (डल्सी म्हणजे पलीकडच्या गल्लीतली, नॉर्मची बायको. बिचारा नॉर्म जन्मभर कबुतरं उडवून एकदाही न जिंकता गेला.) पण संगणकाच्या मते ते सुटण्याआधीच घरी पोहोचलं होतं! सगळे खिदळले. "डल्सी, कबुतर पाळलंस की भूत?" चषक अडकला आणि तिने माझ्याशी बोलणं टाकलं.

मग मी संगणक उघडला. आत निम्मं वाळवंट. घड्याळ जिच्यावर चालतं ती बटणाएवढी बॅटरी मेली होती, म्हणून ते मागे पडत होतं. नवी घातली. तर दुसऱ्या दिवशी स्वारी अर्धा तास पुढे! इंटरनेटने त्याला सिडनीची वेळ पढवली होती. आमचं गाव सिडनीच्या राज्यात, पण वेळ पाळतं तुमच्या अ‍ॅडलेडची, हे त्या यंत्राला कोण सांगणार? शेवटी यादीतून तुझं अ‍ॅडलेड निवडलं, तेव्हा कुठे ते ताळ्यावर आलं. (थांब, बघून येतो... हं, अजून बरोबर आहे.)

काल सभेत मी उभा राहिलो. म्हटलं, "अरे, घड्याळ मागे होतं, पण सगळ्यांसाठी सारखंच मागे होतं ना? मग पहिलं ते पहिलंच!" सगळ्यांचे हात वर झाले. मग चषक डल्सीला मिळाला. ती रडली. मीही नाक शिंकरलं. (धूळ फार आहे इथे.)

तुझा,
क्लॅरी

ता. क. भावोजींचा निळा कोट अजून आहे ना? पाठव. शनिवारी डल्सीने जेवायला बोलावलंय आणि माझ्या कोटावर कबुतरांनी जे केलंय ते धुऊन जात नाही.

ता. ता. क. सभेने चिटणीसपद माझ्याकडून काढून डल्सीला दिलं, हे वर लिहायचं राहिलं. ती म्हणाली, "क्लॅरी, तू कबुतरांच्या टोपल्या उचल, वेळेचं मी बघते." कोट जरा लवकर पाठव.