वाघाच्या जागी आमची गल्ली

मंगळवार, दिवे लागल्यावर

रस्त्यावरून आमच्या झोपड्या दिसू नाई म्हणून साहेबलोकायनं भिंत बांधली. तिच्यावर वाघ काढाचं काम माह्या नातीले, पिंकीले भेटलं. अन् पोरीनं काढली आमची गल्ली! दारात मी, मांडीवर सूप. किती गोड काढलं! नाक तेवढं मोठं झालं.

आज साहेब आला अन् ओरडला, "वाघ कुठी आहे?"

पिंकी म्हणे, "भाऊ, वाघ जंगलात. इथी आम्ही राहतो."

उद्या चित्रावर चुना मारतीन. मग घरं पाडाले आले तर? सूप घेऊन जाऊ कुठी?

पिंकीनं हळूच इचारलं, "आजी, भेव वाटते का? चित्रातून तुले तरी पुसून टाकू का?"

भेव तर लगित वाटते. पण म्हणलं, "राहू दे. मी नसली तर दार कोण उघडीन?"