गाडीवरची घोंगडी

आबा,

तुमी झोपलावता, म्हणून उठवलं न्हाई. आज गाडी नेत न्हाई, मळवलीपत्तुर चालत जातो. गोठ्यात पाखऱ्या बैलाच्या रिकाम्या खुंट्याला ती साखळीनं बांधलीय, किल्ली देवळीत हाय. जवळचा पेंढा मी पलीकडं टाकलाय. मेकॅनिक बघंस्तवर चार्जिंगला लावू नका.

चार्ज होताना बॅटरी तापती, तिला वारा लागतो, वर काही झाकायचं नसतं. हे मी गाडी आणली तवाच सांगायला पायजे होतं. ते न सांगता, काल सांजच्याला चार्जिंगच्या गाडीवर तुमी घातलेल्या घोंगडीतनं धूर निघाला तवा चार माणसांसमोर तुमालाच वरडलो, अक्कल काढली. "थंडीचं जनावर उघडं ठेवत न्हाईत," एवढंच बोललात अन् आत गेलात.

आत्ता साखळी लावताना घोंगडी उचलली. मला वाटलं, पाखऱ्याची जुनी असंल. ती तुमच्या अंथरुणातली निघाली. घरात दुसरी न्हाई, हे मला ठाऊक होतं, तरी रात्री तुमी कशावर निजलात ते मी बघितलं न्हाई.

चुलीवर दूध तापवून ठेवलंय. घोंगडी तुमच्या अंगावर घातलीय. करपलेला कोपरा पायाकडं केलाय.

अमृत