डबा वर गेलाय

४ मार्च, मंगळवार

पोचलो एकदाचे बाप-लेक! अण्णा, मी आणि चार बॅगा. पाचवी पिशवी अण्णांनी विमानभर मांडीवर धरून ठेवली. आत आईचा स्टीलचा डबा, झाकणावर तिचं नाव कोरलेला. "सामानात चेपला म्हणजे?" आई गेल्यापासून त्या डब्याला कुणी हात लावायचा नाही.

ठरलंय असं — अण्णांनी तीन महिने राहून बघायचं. परतीचं तिकीट चार जूनचं. "नाही करमलं तर मी निघालो. आणि तू एका शब्दाने अडवायचं नाहीस!" दिलाय शब्द. पण तिकडे रिकाम्या घरात हे एकटे आणि इकडे मी... देवा, ह्यांना इथे करमू दे रे.

६ मार्च

कामाचा पहिला दिवस! कवळ्यांची लॅब. आम्ही सहाजण, सहा देशांचे. बोलताना सगळ्यांचीच गाडी अडते. टेबलावर मात्र साच्यांची रांग, आणि कुठले दात कुठल्या देशाचे हे कुणाच्या बापाला ओळखता येणार नाही. मुख्य कारागिरांनी (मी मनात मास्तर म्हणते) माझं मेणाचं काम भिंगाखाली धरलं. "हात चांगला आहे." मी दिवसभर हवेत.

११ मार्च

अण्णा खिडकीत. "बसला कंडक्टरच नाही! कसला मेला देश हा!" जन्मभर एसटीची घंटी ओढलेला माणूस.

१६ मार्च, रविवार

वरच्या मजल्यावर एक म्हातारे शिंपी राहतात. तेही आमच्यासारखे दुसऱ्याच देशातून आलेले. परवा काचेच्या डब्यात काहीतरी गोड देऊन गेले. आज मी डबा लख्ख घासून परत केला. अण्णा कडाडले — "रिकामा? आईने हेच शिकवलं तुला?"

अहो, घाईत होते...

"चिमूटभर साखर नव्हती घरात?" आणि साखरेची वाटी घेऊन पायजम्यावरच जिना चढले! खाली आले ते मिशीत हसत. वाटीत सफरचंद! "त्यांच्यातही भांडं रिकामं परत देत नाहीत."

भाषा येत नाही, मग कळलं कसं?

"कळतं."

२ एप्रिल

वाटी वर, वाटी खाली. आमच्याकडून लाडू, तिकडून द्राक्षं. काल तर शिंपीकाकांकडे खायचं काही नव्हतं म्हणून मूठभर बटणं आली! अण्णांनी लगेच सदऱ्याला लावून घेतली. म्हटलं, हे थांबवायचं कुणी? म्हणाले, "ज्याला लाज नसेल त्याने."

२० एप्रिल, रविवार

दोघे पत्ते कुटत बसतात. एक मराठीत भांडतो, दुसरा त्याच्या भाषेत, आणि दोघंही लबाडी करतात. काकांची कवळी सैल झाली होती, मी लॅबमध्ये नेऊन नीट बसवून आणली. अण्णांनी त्यांना समोर बसवून लाडू फोडायला लावला. फुटला! अण्णांनी अशा टाळ्या वाजवल्या, जसा काही नातू चालायला लागला. किती दिवसांनी असे हसले. मीही हसले, डोळे पुसत.

२१ मे

अण्णांनी बॅग काढली. एकेक सदरा घडी करून आत. दिलेला शब्द आठवून मी ओट्याशी घासलेलीच भांडी पुन्हा घासतेय.

लॅबमध्ये एका कवळीचे दात उलटे बसवले. मास्तर रागावले नाहीत, त्यांच्या थर्मासमधला चहा माझ्यापुढे सरकवला.

३ जून

अण्णा आज स्वतः लाडू वळत बसले. "प्रवासात लागतात." बॅग दाराशी आहे. वर जाऊन काकांचा निरोप घेणार म्हणाले. माझं कशात लक्ष नाही. जाऊ नका हो अण्णा! — इथेच लिहिते, तोंडाने बोलायची सोय नाही.

४ जून

टॅक्सी यायची वेळ झाली आणि अण्णांच्या हातात पिशवी नाही! "अण्णा, आईचा डबा?"

"वर दिलाय. लाडू भरून."

"अहो, टॅक्सी येतेय!"

"मग परत पाठव तिला. डबा खाली आल्याशिवाय मी हलतो कसा? आणि त्याला खूण करून सांगितलंय, सावकाश."